डॉक्टरांचा निवाडा डॉक्टरांनीच करावा?

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर आपण सहसा दोनच गोष्टी पाहतो. औषध कोणते आणि दिवसातून किती वेळा. त्यातले पहिले तर बहुधा केमिस्टलाच वाचता येते! पण त्याच कागदावर, डॉक्टरांच्या नावाखाली, पदव्यांची रांग संपते तिथे बारीक टायपात एक आकडा छापलेला असतो. तो त्यांचा नोंदणी क्रमांक. २००२ सालच्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार हा क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा असतो, शिवाय प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवरही तो असावा लागतो. पदवी विद्यापीठ देते. परंतु आजाऱ्याच्या अंगाला हात लावण्याची, त्याला भूल देण्याची, त्याच्या पोटावर सुरी चालवण्याची कायदेशीर मुभा या आकड्याने मिळते. हा आकडा गैरवर्तनाबद्दल काढूनही घेता येतो. तो कोण काढून घेते, कधी घेते आणि तसे ठरवताना ज्याच्या पोटावर सुरी चालली त्याला कुणी काही विचारते की नाही, याचा विचार आपण सहसा करत नाही. घरातले माणूस दगावते तेव्हा तो करायची वेळ येते, आणि त्या वेळी डोके ठिकाणावर नसते.

मी पेशाने वकील. आता कोर्टात जाणे थांबवले आहे, पण अनेक वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी कामे आणि ग्राहक मंचातली प्रकरणे चालवली. डॉक्टरांविरुद्धची प्रकरणे चालवली, तशी डॉक्टरांच्या बाजूनेही चालवली. माझ्या नात्यात तीन डॉक्टर आहेत आणि त्यांच्याशी माझे बरे आहे, हेही सांगून टाकतो. म्हणजे पुढचे वाचताना ‘याचा डॉक्टरांवर राग दिसतो’ असे कुणी म्हणू नये.

डॉक्टरांची नोंदवही ठेवण्याची पद्धत आपल्याकडे साहेबाच्या देशातून आली. तिथे १८५८ साली कायदा होऊन जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाले. त्याच धर्तीवर १९१२ साली मुंबई इलाख्याने कायदा केला. हिंदुस्थानातला या स्वरूपाचा तो पहिला कायदा. शिकलेला डॉक्टर कोण आणि वैदू कोण हे लोकांना कळावे, हा त्यामागचा मुख्य हेतू. १९३० साली विलायतेतल्या कौन्सिलने आपल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, तेव्हा सरकारला जाग आली आणि १९३३ मध्ये अखिल भारतीय परिषदेचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली तो नव्याने करण्यात आला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६५ चा आणि गोव्याचा १९९१ चा. म्हणजे ठाण्याच्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करायची ती महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आणि म्हापशाच्या डॉक्टरविरुद्ध गोव्याच्या परिषदेकडे.

या साऱ्या कायद्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. डॉक्टरचे चुकले की नाही, हे दुसऱ्या डॉक्टरलाच कळू शकते. कल्पना चुकीची नाही. ताप उतरत नाही म्हणून औषध बदलले, यात हलगर्जीपणा होता की शहाणपण, हे माझ्यासारख्या वकिलाने नुसत्या केसपेपरवरून सांगू नये. पण या कल्पनेचा दुसरा अर्धा भाग आपण गृहीत धरला. तो असा, की डॉक्टरला कळते, म्हणून तो ते बोलूनही दाखवील. वास्तविक ज्याच्याकडे उद्या आपण आपले पेशंट पाठवणार, ज्याच्याकडून आपल्याकडे पेशंट येणार, जो कदाचित आपल्याच कॉलेजात एक वर्ष पुढे होता, त्याच्याविरुद्ध लेखी मत देणे हे माणसाच्या स्वभावाला जड जाणारच. वकिलांच्या शिस्तीचे काम वकिलांच्याच बार कौन्सिलकडे आहे. तिथला अनुभव मला ठाऊक असल्याने डॉक्टरांना मी वेगळा दोष देत नाही.

या जडपणाची किंमत कोण मोजते? पुण्यातला एक जुना खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. १९५३ च्या मे महिन्यात एका विशीतल्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या नामवंत शल्यविशारदाकडे आणले, हाड बसवले आणि मुलगा गेला. आवश्यक ती भूल न देता हाड बसवले, असा ठपका न्यायालयांनी ठेवला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला. पंधरा वर्षांनी! नुकसानभरपाई तीन हजार रुपये. रोग्याला हाती घ्यायचे की नाही हे ठरवताना, उपचार ठरवताना आणि तो करताना डॉक्टरने योग्य काळजी घ्यायला हवी, हे तत्त्व या निकालाने पक्के केले. पण मला या खटल्यातली दुसरीच गोष्ट आठवत राहते. त्या मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते.

आता दुसरे प्रकरण घ्या. अमेरिकेत राहणारी एक तरुण स्त्री सुट्टीवर कोलकात्याला आली, तिथे अंगावर पुरळ उठले, उपचार सुरू झाले, प्रकृती ढासळली. शेवटी विमानाने मुंबईला ब्रीच कँडी रुग्णालयात आणले आणि मे १९९८ मध्ये ती गेली. पती डॉ. कुणाल साहा यांनी कोलकात्यातल्या उपचारांविरुद्ध दाद मागितली. पश्चिम बंगालच्या वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांना निर्दोष ठरवले. त्याच उपचारांत निष्काळजीपणा झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले. भारतीय वैद्यक परिषदेने अपिलात एका डॉक्टरचे नाव तीन महिन्यांसाठी नोंदवहीतून काढले, ते २०११ साली. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये भरपाई आणि वर व्याज देवविले. राज्याची परिषद म्हणते काहीच चुकले नाही, देशाची परिषद म्हणते तीन महिने घरी बसा, आणि न्यायालय सहा कोटी मोजायला लावते. कागद तेच, औषधे तीच! भरपाईचा मामला वेगळा आणि शिस्तीचा वेगळा, हे मला मान्य आहे. नुकसानीचा आकडा कमावत्या माणसाच्या मिळकतीवरून ठरतो. पण मुळात चूक झाली की नाही, या साध्या प्रश्नाचीच दोन उत्तरे आली. आणि पुन्हा तेच. तक्रार करणारे स्वतः डॉक्टर होते.

ज्यांना नाडीचे आणि औषधांचे कळते, इंग्रजी कागद वाचता येतात, सहव्यावसायिकांत ओळखी आहेत, त्यांना दहा-पंधरा वर्षे झगडावे लागले. मग गडचिरोलीच्या शेतमजुराने काय करावे? त्याला परिषदेचे नावही ठाऊक नसते. ठाऊक झाले तरी तिची कचेरी मुंबईत.

१९९५ च्या नोव्हेंबरात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो काळ अनेकांना आठवत असेल. डॉक्टर मंडळी संतापली होती. ‘आम्हाला किराणा दुकानदाराच्या पंक्तीला बसवले’ हे वाक्य मी त्या वर्षी किती दिवाणखान्यांत ऐकले, त्याची गणती नाही. डॉक्टरांच्या बाजूने न्यायालयापुढे जे मुद्दे होते त्यांतला एक असा, की आमच्यावर आमच्या परिषदेचे शिस्तीचे नियंत्रण आहेच. न्यायालयाने त्यावर म्हटले, की ज्याचे नुकसान झाले त्याला त्या नियंत्रणाने काही दिलासा मिळत नाही. लोक ग्राहक मंचाकडे धावले, कारण परिषदेचा दरवाजा वाजवून आत काही हालत नव्हते. परिषदा वेळेवर आणि उघडपणे काम करत्या, तर १९९५ चा निकाल आला असता तरी डॉक्टरांना तो इतका बोचला नसता, असे मला वाटते.

हे डॉक्टरांनाही दिसत होते. १९९२ साली मुंबईतल्या काही तत्त्वनिष्ठ डॉक्टरांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या निवडणुकीत उमेदवार उभे केले. आतून सुधारणा करावी हा हेतू. ते निवडून आले नाहीत. पण त्यातूनच १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक सुरू झाले आणि ते अजून चालू आहे. निवडणुकीत पडलेल्यांनी एवढे टिकाऊ काम उभे केल्याचे आपल्याकडे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. दिल्लीच्या परिषदेची कथा आणखी निराळी. २०१० साली तिच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली आणि केंद्राने परिषदच बाजूला सारून तिथे संचालक मंडळ बसवले. पुढे २०१९ चा नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला.

इथे मला वाचकांचे लक्ष एका छोट्या गोष्टीकडे वेधायचे आहे. छोटी म्हणजे कायद्यातल्या दोन-चार शब्दांएवढी. जुन्या व्यवस्थेत, २००४ सालच्या दुरुस्तीनंतर, राज्य परिषदेच्या निर्णयाने ज्याचे समाधान झाले नाही अशा ‘कोणत्याही व्यक्तीला’ साठ दिवसांत दिल्लीला अपील करता येत असे. कोणत्याही व्यक्तीला, म्हणजे डॉक्टरला तसेच मेलेल्या पेशंटच्या बायकोलाही. २०१९ च्या कायद्यात अपिलाचा हक्क कुणाला? परिषदेच्या कारवाईने नाराज झालेल्या ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला’. बस्स. रोग्याचा उल्लेख गळला. या शब्दांचा आधार घेऊन रोग्यांच्या आणि नातेवाइकांच्या अपिलांना परतीची वाट दाखवली गेली. पुढे आयोगाने अशी अपिले दाखल करून घेण्याची तयारी दाखवली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आयोगाची तयारी म्हणजे हक्क नव्हे. आज एक अध्यक्ष तयार आहेत, उद्या दुसरे म्हणतील की कायद्यात कुठे लिहिले आहे ते दाखवा. आणि दाखवता येणार नाही.

यातला अन्याय समजायला वकील असण्याची गरज नाही. परिषदेने डॉक्टरला दोषी धरले, तर त्याला वर दोन पायऱ्या आहेत. आधी आयोगाचे नीती मंडळ, मग खुद्द आयोग. परिषदेने त्याला निर्दोष सोडले, तर तक्रारदाराला कायद्याने एकही पायरी नाही. त्याने उच्च न्यायालयात रिट करावे! रिटचा खर्च किती येतो, हे मी इथे लिहीत नाही. रविवारची सकाळ कशाला नासवा?

डॉक्टरांच्या बाजूने बोलायचे तर विलंबाचा मार त्यांनाही बसतो. माझा एक शाळूसोबती दुसऱ्या एका राज्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. त्याच्याविरुद्ध तिथल्या परिषदेकडे एक तक्रार गेली. मी ती वाचली. तिच्यात दम नव्हता, बिलावरून झालेली भांडणे उघड दिसत होती. पण निकाली निघायला पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांत त्याने अवघड बाळंतपणे घेणे सोडले. मोठ्या शहरात पाठवू लागला. तिथे पोचेपर्यंत वाटेत काय व्हायचे ते त्या बाईचे नशीब. आचारसंहितेत निर्णयाला सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिच्यामुळे तक्रारदाराइतकेच माझ्या मित्राचेही भले झाले असते. मुदत पाळली गेली नाही तर काय, याचे उत्तर मात्र पुरेसे कडक नाही.

त्याच संहितेत आणखी एक कलम आहे. डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले, तर त्याची स्थानिक वर्तमानपत्रांत आणि वैद्यकीय संघटनांच्या अंकांत व्यापक प्रसिद्धी करावी, असे ते सांगते. मी गेली पन्नास वर्षे सकाळचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतो. हरवलेली शेअर सर्टिफिकेटे, नावात बदल, मुलाशी संबंध तोडल्याच्या जाहीर नोटिसा, सारे वाचले. अमुक डॉक्टरांचे नाव सहा महिन्यांसाठी काढले आहे, अशी नोटीस माझ्या पाहण्यात आलेली नाही. महाराष्ट्राच्या परिषदेने २०२५ साली डॉक्टरांनी दवाखान्यात क्यूआर कोड लावावा, मोबाइलने तो टिपून रोग्याने नोंदणीची खात्री करावी, अशी योजना आणली. उत्तम आहे. बोगस डॉक्टर पकडायला ती उपयोगी पडेल. माझी मागणी एवढीच, की त्या कोडमागे पदवी जशी दिसते तशी झालेली शिक्षाही दिसावी.

नोंदवहीत कुणाचे नाव घालायचे, यावरही आपल्याकडे मोठे रण पेटलेले आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथने १९९२ साली ॲलोपथीची औषधे दिली आणि रोगी दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले आणि तीन लाख रुपये भरपाई देवविली. २०१४ साली महाराष्ट्र सरकारने कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची वाट काढली. त्यांची नोंद वैद्यक परिषदेकडे करण्यावरून २०२५ मध्ये राज्यातले डॉक्टर संपावर गेले. खेड्यात दुसरा डॉक्टरच नाही, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. पण त्या चिठ्ठीवरचा आकडा पाहून रोग्याला काय समजायचे, हे सरकारने सांगितले पाहिजे.

त्या आकड्याचे वजन १ जुलै २०२४ पासून आणखी वाढले आहे. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद, पण नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसे घडले तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत नोंदवहीत नाव असणाऱ्यालाच आहे. मला ती अयोग्य वाटत नाही. वैऱ्यासारखे वागणारा ड्रायव्हर आणि रात्री दोनला उठून सिझेरियन करणारी डॉक्टरीण एका मापाने मोजू नयेत. केवळ अंदाज चुकला म्हणून डॉक्टरला गुन्हेगार ठरवू नये, घोर निष्काळजीपणा हवा, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली सांगितले आहे. परंतु फौजदारी कायदा ज्यांना नोंदवहीच्या भरवशावर सवलत देतो, त्यांची नोंदवही तेवढ्याच कसोशीने राखली जावी, ही अपेक्षा फार नाही.

‘सामान्य माणसाला परिषदेत बसवून काय साधणार?’ असे माझे डॉक्टर मेहुणे विचारतात. त्यांना मी इंग्लंडचे उदाहरण देतो. ज्या देशाकडून आपण ही पद्धत घेतली त्याने ती बदलली. ब्रिस्टलच्या रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रियांत लहान मुले दगावत होती. १९९८ साली तिथल्या कौन्सिलने तीन डॉक्टरांना दोषी ठरवले, त्यांपैकी दोघांची नावे कायमची काढली. हॅरल्ड शिपमन नावाच्या एका फॅमिली डॉक्टरला स्वतःच्याच पंधरा पेशंटांच्या खुनाबद्दल जानेवारी २००० मध्ये शिक्षा झाली, आणि पुढच्या चौकशीत कौन्सिलवर ताशेरे आले की तिने रोग्यांपेक्षा डॉक्टरांचे हित अधिक पाहिले. आज तिथल्या कौन्सिलात निम्मे सदस्य डॉक्टर नसलेले आहेत. तक्रारीचा तपास एकीकडे आणि निवाडा दुसरीकडे, अशी वाटणी २०१२ पासून झाली आहे. शिक्षा फार सौम्य वाटली, तर जनतेच्या वतीने एक स्वतंत्र संस्था उच्च न्यायालयात अपील करू शकते. आपली कितीतरी मराठी मुले-मुली तिथल्या रुग्णालयांत या नियमांखाली काम करतात आणि नावलौकिक मिळवतात. त्यांचा आत्मसन्मान काही बुडालेला नाही. मेहुण्यांचा मुलगाच लीड्सला आहे. त्यावर ते चहा मागवतात.

२०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावरून गेले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा त्याआधीपासून अस्तित्वात होता, २००९ चा वटहुकूम आणि मग कायदा. दगड उचलणाऱ्याची मी बाजू घेत नाही, त्याची जागा तुरुंगात. पण बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या इतर पन्नास जणांना, ज्यांनी दगड उचलला नाही, त्यांना आपण कोणता पत्ता देतो?

तेव्हा २०१९ च्या कायद्यात ‘कोणत्याही व्यक्तीला’ हे शब्द परत यावेत. ते संसदेने करायचे आहे आणि त्यासाठी आपल्या खासदाराला पत्र लिहायला पोस्टकार्ड पुरते. शिस्तीची प्रकरणे ऐकणाऱ्या समितीत डॉक्टर नसलेले दोन-तीन शहाणे लोक असावेत, निकाल कारणांसह लेखी असावा आणि तक्रारदाराला त्याची प्रत मिळावी. सुनावणी विभागवार, निदान नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला तरी व्हावी.

लोक मला अजूनही फोन करून विचारतात, काका, पहिल्यांदा काय करू? मी तक्रारीचा मजकूर सांगत नाही. केसपेपर मागा म्हणतो. दाखल असलेल्या रोग्याची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागितल्यास बहात्तर तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. रोग्यापासून ती गुप्त ठेवता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. तोंडी मागू नका, काउंटरवर भांडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख आणि वेळ घाला, दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.